एक्सपीवाला पिनबॉल विंडोज ११ वर चालेल का? आणि तो मुळात बनवला कोणी?

महालकन्या:
बाबांचा जुना एक्सपीचा कॉम्प्युटर बंद पडला. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडता येत नाही, तर ते कूलरसमोर बसून तो अंतराळाचा पिनबॉल खेळत. नव्या लॅपटॉपवर तो नाहीच. मायक्रोसॉफ्टने काढून का टाकला? परत मिळेल का?

धरमपेठ_सायबर:
ताई, मिळेल न! माझं सायबर कॅफे होतं. नेट गेलं की पोरं घरी जात नसत, पिनबॉल उघडत. झेड आणि स्लॅश ही फ्लिपरची, म्हणजे बॉल उडवणाऱ्या दांड्यांची, दोन बटणं प्रत्येक कीबोर्डवर आधी झिजायची.

हा गेम मायक्रोसॉफ्टच्या घरचा नाही, हे लोकांना माहीत असावं असं मला फार वाटतं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सिनेमाट्रॉनिक्स नावाच्या लहानशा स्टुडिओने तो बनवला. 1995 मध्ये मॅक्सिसने, म्हणजे सिमसिटीवाल्यांनी, 'फुल टिल्ट पिनबॉल' म्हणून बाजारात आणला. त्यात तीन टेबलं होती. त्यातलं एकच, 'स्पेस कॅडेट', विंडोजसोबत आलं. पुढच्याच वर्षी मॅक्सिसने स्टुडिओ विकत घेतला आणि ते नाव मागे पडलं. पण काम पाहा त्यांचं! नुसता बॉल उडवत बसायचं नाही. टार्गेट मारून मिशन निवडायचं, रॅम्पवर बॉल चढवून ते स्वीकारायचं. इंधन संपलं की मिशन रद्द. कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत बढती. टेबलाला जास्त धक्के दिले की टिल्ट, आणि फ्लिपर मेलेच. खऱ्या मशीनचा हा नियमसुद्धा त्यांनी सोडला नाही.

एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या विंडोजपासून तो गेला, कारण 64 बिटच्या (नव्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीच्या) आवृत्तीत बॉल वस्तूंना अडेचना, सरळ आरपार जाई. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी हे लिहिलंय. कोड बाहेरचा, त्यात टिपणं जवळपास नाहीत, चूक सापडली नाही.

आता करायचं काय: जुन्या हार्ड डिस्कला यूएसबी केसिंग लावा. प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज एनटी, त्यात पिनबॉल. अख्खं फोल्डर उचला. तीच जुनी 32 बिटची फाइल नव्या विंडोजवरही चालते.

लिनक्सप्रेमी_सदर:
डिस्क वाचली तर उत्तमच. त्याच फोल्डरमधल्या फाइली लिनक्सलाही, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या मोफत सिस्टिमलाही, चालतात. कारण 2021 मध्ये या गेमचा कोड उलगडून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवला गेलाय.

महालकन्या:
फोल्डर मिळालं, गेम सुरू झाला! पण बाबांचे हाय स्कोअर दिसत नाहीत. ते त्याचंच विचारताहेत.

धरमपेठ_सायबर:
स्कोअर फोल्डरमध्ये नसतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, असतात. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये बाबांच्या नावाचं फोल्डर आहे, त्यात एनटीयूझर डॅट ही लपवलेली फाइल. ती आधी कॉपी करून ठेवा, डिस्क फॉरमॅट करू नका. रविवारी बर्डीला येणार असाल तर सांगा, मी बसून काढून देतो.