अनुभव धागा: देव सुटला (किंवा सापडला), मग माणसात काय बदललं?

आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. दगडमातीच्या भिंतींखाली आजी अन् धाकटी आत्या गेल्या. त्या दिवसापासून आबांनी देवघरात दिवा लावला नाही. "माझा अन् त्याचा हिसाब मिटला," एवढंच म्हणत. पण पुढं गावात कुणाकडं मयत झाली की सरण रचायला पहिले आबाच. ज्वारीवर दव असताना बांधावर टोपी काढून गप उभे राहायचे. मी विचारलं, "कुणाला नमस्कार करता?" म्हणाले, "कुणाला नाही बा. उभं राहावं वाटतं."

ते उभं राहणं मला अजून उलगडलेलं नाही, म्हणून विचारतोय. देव मानणाऱ्यांनीही लिहा.

परभणीहून
आमच्याकडं उलटं झालं. वडील रोज प्यायचे, आईला मारायचे. एका आषाढीला पंढरपुरात माळ घातली अन् दारू सुटली. विठ्ठल नसता तर आमचं घर राहिलं नसतं. हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

छत्रपती संभाजीनगरहून
आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची. पंचशील मात्र रोज म्हणतो. लहानपणी आजीला विचारलं होतं, वर बघणारा कुणी नाही तर खोटं बोललेलं कळतंय कुणाला? "आपलं आपल्याला दिसतंय की!" अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती आहे, खाली शोक करणारी माणसं कोरलीत. आई तिथं रडली. मागायचं तिला काहीच नव्हतं.

लातूरहून
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हाची गोष्ट. गल्लीत तीनच बोअर चालू. एक पूजाअर्चा करणाऱ्यांचं, एक देवळाची पायरीही न चढणाऱ्या मास्तरांचं. दोघांनी पाइप रस्त्यावर सोडले. तिसऱ्यानं पाणी विकलं, अन् त्याच्या दारावरही गणपती होता.

धागाकर्ता
परभणीकर, राग मानू नका. वडिलांची माळ कधी निघाली का?

परभणीहून
राग कशाचा? एकदा उसाच्या फडात तुटली. नवी मिळेपर्यंत बारा दिवस गेले. प्याले नाहीत. पण ते बारा दिवस सारखा गळ्याला हात लावून बघायचे.