मदत हवी आहे: गिम्पमध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लाल झूल अन् हिरवी पराटी (कपाशी) सारखीच करडी होऊन राह्यली

राजेहो, पोळ्याचे फोटो गावच्या स्मरणिकेसाठी काळे-पांढरे करून राह्यलो, पण मोडमधून ग्रेस्केल केलं का बैलाची लालभडक झूल अन् मागची पराटी एकाच करड्या रंगात मिसळून जाते, बैल उठूनच दिसत नाही. ग्रेस्केल करताना उजेड मोजाले हिरव्याला ७२ टक्के अन् लालला जेमतेम २१-२२ टक्के वजन भेटते म्हणून लाल दबते, हे समजलं. मोनो मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा किती धरायचा ते आपणच ठरवायचं गिम्पमधलं साधन) रेड वाढवला तं झूल मस्त उजळते, पण पांढऱ्या बैलाचं वशिंड, पाठीवरचे केस सगळं सपाट पांढरं होते. मंग ग्रीन किती कमी करू? का मास्क (बाकी फोटो झाकणारा थर) लावून झुलीपुरताच बदल करू? प्रेसवाले म्हणतात छपाईत फोटो अजून काळा येते, तं आधीच किती उजळ ठेवू? कोणी केलं असन तं आकडे सांगा ना भाऊ.