मदत हवी आहे: दिवेघाटातल्या पावसानंतर लेन्सच्या आत वाफ

माउलींच्या पालखीसोबत वारीचे फोटो फिल्मवर काढतोय. निकॉन एफएम२ कॅमेरा, ५० एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स. दिवेघाटात पाऊस आडवा आला. सासवडला पाहतो तर लेन्सच्या आत वाफ. बॉडी ठणठणीत. मागून टॉर्च मारून पाहिलं, जाळ्यासारखे धागे नाहीत, म्हणजे बुरशी नसावी. सिलिका जेलसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवली; कडा निवळल्या, मधला ढग तसाच. हेअर ड्रायर लावा म्हणतात, पण लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर उतरलं तर? दुसरी लेन्स नाही, पुण्याला परतायचं नाही, तंबूत वीज बेभरवशाची. लेन्स न उघडता ही वाफ कशी घालवू? आणि तोवर एफ८ वर, म्हणजे ते छिद्र लहान ठेवून, काढलेल्या फोटोंत ती कितपत दिसेल?