ए-बी-सी विंग पार्किंग ग्रुप: सेल्फ लागत नाही

ए-102: काका, गाडी कधी सेल्फ घेते, कधी ढिम्म. गॅरेजवाल्याने काही न तपासताच इग्निशन स्विच (चावीमागचा स्विच) बदलायला सांगितलंय. गुरुवारी बाबांना डायलिसिसला न्यायचंय, वाटेत अडकायला नको.

सी-401 काका: थांब, स्विच एवढ्यात बदलू नकोस. आतला दिवा लावून सेल्फ मार. दिवा विझायला आला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल.

ए-102: दिवा तसाच राहतो. टक् आवाजही नाही. मीटरवर बॅटरी 12.6 व्होल्ट.

सी-401 काका: बॅटरी ठणठणीत आहे. म्हणजे स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), वायर नाहीतर स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर. क्लच पूर्ण दाबतोस ना? काही गाड्या त्याशिवाय सेल्फच घेत नाहीत.

ए-102: हो, पूर्ण दाबून.

बी-203: काका, मग स्क्रूड्रायव्हरने स्टार्टर डायरेक्ट करून बघू?

सी-401 काका: अजिबात नको! गाडी गिअरमध्ये असेल तर अंगावर येते. न्यूट्रल, हँडब्रेक, मगच हात लावायचा. आणि स्टिअरिंगचं कव्हर घरी उघडू नका, आत एअरबॅग असते.
आता नीट ऐक. स्टार्टरच्या सोलेनॉइडला, म्हणजे त्यावरच्या चुंबकी स्विचला, एक बारीक वायर येते. ती काढ. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घे, एक टोक त्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. कुणालातरी चावी स्टार्टला धरायला सांग.

बी-203: मीटर लावलं तर नाही चालणार?

सी-401 काका: मीटर फसवतं. स्विचचा पॉइंट (आतला संपर्क) जळलेला असला तरी लोड नसताना ते 12 दाखवतं. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे पॉइंट कच्चा असेल तर मिणमिणतो. चावी थोडी हलवूनही बघ. बल्ब लागलाच नाही, तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले स्टार्टरच्या रिलेच्या जागी लावून पुन्हा तपास.

ए-102: आत्ताच खाली जाऊन आलो, बी-203 ने चावी धरली. दहा वेळा फिरवली, हलवलीही. दहाही वेळा बल्ब लख्ख.

सी-401 काका: मग स्विच, रिले, वायर ठीक आहेत, राहिला स्टार्टर. स्विचला हात लावू नकोस. वायर परत जोड. पुन्हा अडली की स्टार्टरवर लाकडाने हलकेच ठोक आणि सेल्फ मार. लागला तर बहुधा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजलेत. ब्रश टेकले नाहीत की टक् सुद्धा येत नाही.

ए-102: लागला काका! उद्या स्टार्टर उतरवतो.

सी-401 काका: गुरुवारी माझी गाडी ने. चावी वॉचमनकडे ठेवतो.