मदत हवी आहे: कादंबऱ्यांवरच्या चिनी ऐतिहासिक मालिका – खरं किती, आणि पुढे कोणती लावू?

पारिजात:

इथे चिनी मालिका बघणारं कुणी आहे का? कोरियन मालिकांवर धाग्यांचा ढीग आहे, चिनीवर शोधून काही मिळालं नाही म्हणून नवा धागा काढतेय.

आई शाळेत इतिहास शिकवायची. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळच्या सासू-सुनांना विटली आहे, म्हणून तिला 'निर्वाणा इन फायर' लावून दिली (२०१५ ची, ५४ भाग). दोघी अक्षरशः खिळून बसलो होतो. ती संपल्यावर झेन हुआन नावाच्या राणीची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' लावली. ७६ भागांची आहे, आम्ही पस्तिसाव्याच्या आसपास आहोत.

अडचण अशी की आई सारखी मालिका थांबवायला लावते आणि विचारते, "हा बादशहा खरा होता का? ही बाई खरी होती का?" मी शोधलं की 'कादंबरीवर आधारित' एवढंच सापडतं. 'निर्वाणा'च्या वेळी तिला लियांग राजवट सापडली, पण त्यात मालिकेतला मेई चांगसूही नाही आणि राजपुत्र जिंगयानही नाही. दोन दिवस धुसफुसत होती.

तर, यातलं खरं कुठवर धरायचं? पुढे काय लावू? उडणारे तलवारबाज आणि हजार वर्षं जगणारे देव आईला चालत नाहीत. इंग्रजी सबटायटल्स तिला जरा भरभर वाटतात, त्यावर काही उपाय? आणि एकाच राणीला दर दहा भागांनी नवं नाव का मिळतं, हेही कुणीतरी सांगा. कादंबरी आधी वाचण्यात अर्थ आहे का?

चहाबाज:

काकूंना सांगा, 'निर्वाणा'त कुणालाच शोधू नका. ती हाय यान या लेखिकेची इंटरनेटवर आलेली कादंबरी आहे आणि पटकथाही तिनेच लिहिली. मालिका इतकी घट्ट विणलेली आहे त्याचं अर्धं श्रेय मी त्यालाच देतो. लियांग नावाची राजवट खरंच होऊन गेली, इ.स. ५०२ ते ५५७, आणि मालिकेतली राजधानी जिनलिंग, ते नानजिंगचं जुनं नाव. पण मालिकेतला राजा, कट, सत्तर हजारांचं ते सैन्य सगळं कल्पनेतलं. कपडे आणि दरबारी रीतभात तेवढी त्या काळाच्या जवळपासची.

झेन हुआनची गंमत वेगळी आहे. ल्यू ल्यानझीच्या मूळ कादंबरीत राजवटच काल्पनिक आहे. दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांनी ती उचलून छिंग घराण्यात, योंगझेंग बादशहाच्या काळात आणून बसवली. म्हणजे पात्रं आधी जन्मली आणि बादशहा त्यांना नंतर मिळाला. त्यामुळे काकूंचा गोंधळ होणारच. योंगझेंग खरा, त्याची कारकीर्द १७२२ ते १७३५. आपल्याकडे तेव्हा थोरले बाजीराव.

रेवाकाठ:

चहाबाज यांच्याशी सहमत, फक्त सगळंच उपरं आहे असं नको. झेन हुआनचा साचा न्योहुरू घराण्यातल्या खऱ्या राणीवर बेतलेला आहे, म्हणजे पुढच्या चिएनलोंग बादशहाची आई. मालिकेतली तिची प्रतिस्पर्धी राणी हुआ फेइ, तिचा भाऊ न्यान गेंगयाओ हा तर त्या काळातला बडा सेनापती. योंगझेंगचा उजवा हात होता, मग डोईजड झाला आणि बादशहाने त्याला आत्महत्या करायला फर्मावलं. हे सगळं इतिहासात आहे.

(इथून पुढे स्पॉयलर, पस्तिसाव्या भागावर असाल तर हा परिच्छेद सोडा.) हुआ फेइच्या महालातल्या त्या खास धुपात कस्तुरी आणि म्हणून तिला मूल नाही, हा कादंबरीचा मसाला. न्यानच्या खऱ्या बहिणीला मुलं झाली होती, ती सगळी लहानपणीच गेली. आणि ती स्वतः भावाच्या आधी, आजारपणात वारली. भिंतीवर डोकं आपटण्याचा प्रसंग कुठल्याही नोंदीत नाही.

पारिजात:

बाजीरावांचं नाव ऐकताच आईने वही काढली. आता चीन आणि पुणे असे दोन रकाने पाडून ठेवलेत. परिच्छेद मी तिला वाचून दाखवला नाही, स्वतः मात्र वाचला. राहवलं नाही.

शून्य_शेरा:

इतिहास हवा असेल तर झेन हुआन बंद करा आणि 'योंगझेंग डायनेस्टी' शोधा. १९९९ ची, ४४ भाग, अर युए ह याच्या कादंबरीवरून. सुरुवातच पूर, रिकामा खजिना आणि बड्या अधिकाऱ्यांकडून थकलेली सरकारी कर्जं वसूल करण्याने होते. राण्या जवळजवळ नाहीतच. झेन हुआनमध्ये जो म्हातारा संशयी नवरा दिसतो तोच इथे रात्र रात्र कागद तपासणारा, भावांशी एकट्याने झुंजणारा राजा आहे. चित्र जुनं आहे, सेट साधे आहेत, पण तांग ग्वोच्यांगचं काम पाहाच.

रेवाकाठ:

तीही कादंबरीच आहे की हो. लेखकाचा त्या बादशहावर जीव आहे हे पहिल्या पाच भागांत कळतं. वारसाहक्काची भानगड त्याने अगदी त्याच्या बाजूने सोडवून टाकली आहे. इतिहासकार अजून त्यावर वाद घालतायत.

मला विचाराल तर एकच माणूस तीन मालिकांत पाहावा. 'स्कार्लेट हार्ट' (२०११, ३५ भाग, तोंग हुआची कादंबरी) मध्ये तो चौथा राजपुत्र आहे, बाप कांगशी अजून जिवंत, नऊ भावांची चढाओढ चालू. मग 'योंगझेंग डायनेस्टी', मग झेन हुआन. प्रियकर, राज्यकर्ता आणि शेवटी सगळ्यांना नकोसा झालेला नवरा. काकूंच्या वहीसाठी: कांगशी १६६१ ते १७२२, म्हणजे शिवाजी महाराज, औरंगजेब आणि पुढे शाहू महाराज, एवढा पल्ला. फक्त 'स्कार्लेट हार्ट'ची नायिका आजच्या काळातून तिथे जाऊन पडते. हे काकूंना चालेल का, बघा.

टिवल्याबावल्या:

इतिहासच बघायचा तर आपला काय वाईट आहे? चीनवाल्यांची कौतुकं कशाला?

चहाबाज:

आपलाही बघतो हो आम्ही. पुढे.

जास्वंद:

पारिजात, झेन हुआन संपली की डोळे मिटून 'स्टोरी ऑफ मिंगलान' लाव (२०१८ च्या शेवटी आली, सत्तरच्या वर भाग). राजवाडा कमी, घर जास्त. शेंग नावाचं अधिकाऱ्याचं कुटुंब, एक पत्नी, बाकीच्या उपपत्नी, त्यांची मुलं, आणि सगळ्यांना ओळखून असलेली आजी. मिंगलान ही उपपत्नीची मुलगी, सहावी. हुशारी झाकून ठेवणं हीच तिची जगण्याची युक्ती. कुणी कुणाला विष घालत नाही असं नाही, पण खरी लढाई हुंड्याच्या यादीवर, जमिनीच्या हिशोबावर आणि कोण कुणाच्या पंगतीला बसलं यावर चालते. आपल्या आयांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आईने तर दुसऱ्या दिवशीच शेंगांच्या मोठ्या जावयाला नावं ठेवायला सुरुवात केली.

इथेही कादंबरी वेगळी आहे. ग्वान शिन झ ल्वानच्या मूळ कथेत नायिका आजच्या काळातली न्यायालयात काम करणारी मुलगी असते, ती मरून जुन्या काळात जन्मते. मालिकेने तो भाग काढून टाकला. २०११ मध्येच तिथल्या प्रसारण खात्याने काळप्रवासाच्या मालिकांवर नापसंती दाखवली होती, तेव्हापासून निर्माते जपूनच असतात. माझ्या मते इथे त्या जपण्याचा फायदाच झाला. कादंबरीतल्या मुलीला सगळं वरून दिसतं. मालिकेतली मिंगलान ते आजीच्या मांडीवर बसून, मार खात शिकते. म्हणून तिच्या विजयाला वजन आहे.

इतिहासाचं म्हणाल तर काळ सोंग राजवटीचा. राजाला मुलगा वाचत नाही आणि दत्तक वारसाचा पेच पडतो, तो खऱ्या रेनझोंग बादशहाच्या (कारकीर्द १०२२ ते १०६३) घरचा. दत्तकाची भांडणं काकूंना शिकवावी लागणार नाहीत.

चहाबाज:

मिंगलानला +१. पण शेवटचे पंधरा भाग ढेपाळतात, आधीच सांगून ठेवतो.

जास्वंद:

ढेपाळत नाहीत. तुम्हाला लढाया हव्या असतात.

शून्य_शेरा:

चिएनलोंगच्या जोडीबद्दल कुणी बोललं नाही अजून. २०१८ मध्ये एकाच बादशहाच्या जनानखान्यावर दोन मालिका आल्या, 'रुयी' (८७ भाग, झेन हुआनच्याच लेखिकेची कादंबरी) आणि 'यान्शी पॅलेस' (७० भाग, ही कादंबरीवरून नाही, थेट पटकथा). एकीतली नायिका दुसरीत खलनायिका, आणि उलटही. १७६५ च्या दक्षिण दौऱ्यात बादशहाच्या दुसऱ्या पट्टराणीने आपले केस कापले हे खरं. मांचू, म्हणजे छिंग घराण्याच्या, रीतीत तो केवढा अपशकुन. का कापले हे नोंदी सांगत नाहीत. 'रुयी' सगळी त्या एका कात्रीपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिली आहे, सावकाश आणि कडू. 'यान्शी' चटपटीत आहे, तिथे तीच राणी गोड बोलून गळा कापणारी. मला 'रुयी' जास्त पटते, पण सलग बघू नका, मन खिन्न होतं.

वहीसाठी: चिएनलोंग १७३५ ते १७९६. थोरल्या बाजीरावांपासून सवाई माधवरावांच्या मृत्यूपर्यंत गादीवर हा एकच माणूस.

अनुस्वार:

उरलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो.

नावं: छिंग जनानखान्यात पायऱ्या असतात. खालून दायिंग, चांगझाई, ग्वेइरेन, फिन, फेइ, ग्वेइफेइ, ह्वांगग्वेइफेइ आणि वर पट्टराणी. झेन हुआन येते तेव्हा वान चांगझाई, पुढे वान फिन, आणखी पुढे शी फेइ. शेवटचा शब्द हुद्दा, आधीचा शब्द बादशहाने दिलेली उपाधी. वहीत तिसरा रकाना पाडा.

सबटायटल्स: यूट्यूबवर यातल्या बऱ्याच मालिका अधिकृत चॅनेलवर आहेत. वेग ०.७५ वर ठेवा, आवाज जरा जड येतो पण वाचायला वेळ मिळतो. सबटायटल्स चित्रातच छापलेली नसतील तर आपोआप भाषांतरात मराठीही निवडता येतं. ते वाचून हसून पुरेवाट होईल, राजमातेला 'आजी तुम्ही गोठवा' वगैरे. वीटीव्ही आणि मँगोटीव्हीची ॲप नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहेत, त्यांच्या मागे लागू नका. हिंदी डबिंग जिथे मिळेल तिथे पहिला भाग ऐकून मगच ठरवा. ओठ जुळत नाहीत म्हणून मूळ चिनीवर संशय घेऊ नका, तिथेही नटांना दुसऱ्याचा आवाज देण्याची पद्धत आहे. झेन हुआनचा आवाज तिचं काम करणाऱ्या सुन लीचा नाही, जी ग्वानलिन या डबिंग कलाकाराचा आहे.

कादंबरी: आधी मालिका, मग कादंबरी. हौशी लोकांची इंग्रजी भाषांतरं नेटवर आहेत, दर्जा कमी-जास्त. पात्रांचे चेहरे आधी डोक्यात बसले असतील तर नावांच्या जंगलात माणूस हरवत नाही.

आणि काकूंना इतिहासच हवा असेल तर 'द लाँगेस्ट डे इन चांगआन' विसरू नका. २०१९, ४८ भाग, मा बोयोंगची कादंबरी. तांग राजवट, सन ७४४, कंदिलांचा सण, चोवीस तासांत शहर वाचवायचं. कादंबरीत माणसं खऱ्या नावांनी आहेत, मालिकेत ती जराशी बदलली. मंत्री ली लिनफू तिथे लिन ज्यूलांग होतो. मारामारी आहे, पण कुणी उडत नाही.

पारिजात:

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. क्रम असा ठरला: झेन हुआन पूर्ण, मग मिंगलान, मग चांगआन. 'रुयी' आईला एकटीला बघू देणार नाही. एकच शंका, मिंगलानच्या पहिल्या दोन भागांत मी डोकावले, ती अगदी लहान मुलगी आहे आणि लग्नाचीच धामधूम चालू आहे. किती भाग धीर धरायचा?

जास्वंद:

ती मोठी होईपर्यंत. पण लहानपणीचे भाग पळवू नकोस, पहिल्याच लग्नातला तो हंसांच्या पैजेचा खेळ नीट बघ. वरपक्षाने वाग्दानाला आणलेले हंस पणाला लागलेत आणि ही चिमुरडी सुरईत बाण फेकून ते सोडवते. नवरामुलगा कुठल्या लायकीचा आहे ते तिथेच कळतं.