मदत हवी आहे: बनाना स्प्लिटचे घरी केलेले सॉस आईस्क्रीमवर पडताच दगडासारखे होतात

नमस्कार.

मी पेन्सिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ राहते. येत्या शनिवारी आमच्याकडे १४ माणसे जेवायला यायची आहेत, आणि भारतातून आलेले माझे सासू-सासरेही सध्या येथेच आहेत. जेवणानंतर बनाना स्प्लिट करावे, आणि त्यावरचे चॉकलेट, स्ट्रॉबेरी व अननस हे तिन्ही सॉस बाटलीतून न ओतता घरीच करावेत, असे मी ठरवले आहे. गेल्या रविवारी त्याची रंगीत तालीम केली आणि तिन्ही सॉस तीन वेगवेगळ्या प्रकारे बिघडले. म्हणून हा धागा.

हा बेत ठरण्याचे कारण असे की आमच्या घरापासून लॅट्रोब हे गाव तासाभराच्या अंतरावर आहे. १९०४ साली तेथील औषधाच्या दुकानात डेव्हिड स्ट्रिकलर या २३ वर्षांच्या शिकाऊ औषधविक्रेत्याने केळे उभे चिरून त्यात आईस्क्रीमचे तीन गोळे मांडले आणि तो पदार्थ १० सेंटना विकला, असे गावकरी अभिमानाने सांगतात. (त्या काळी येथील औषधांच्या दुकानांत सोडा आणि आईस्क्रीमही मिळत असे. खोकल्याचे औषध घ्यायला गेलेला माणूस काय खाऊन परतत असेल, हा सासऱ्यांचा आवडता विनोद झाला आहे.) ओहायोतील विल्मिंग्टन गावाचा दावा निराळा आहे, तेथे १९०७ साली अर्नेस्ट हॅझर्ड यांनी हा पदार्थ प्रथम केला असे मानतात. त्या वादात मला पडायचे नाही. सासू-सासऱ्यांना लॅट्रोब दाखवून आणल्यावर 'हे घरी का होणार नाही?' असे मीच बोलून बसले, एवढेच.

मला नेहमीचा पारंपरिक प्रकारच करायचा आहे: होडीच्या आकाराच्या लांबट काचेच्या बशीत उभे चिरलेले केळे, त्याच्या दोन फाकांमध्ये व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी आईस्क्रीमचा एकेक गोळा, त्यावर तीन सॉस, फेटलेली क्रीम, भाजलेल्या शेंगदाण्यांचा किंवा अक्रोडाचा चुरा आणि वर लाल चेरी. आईस्क्रीम विकतचेच आणणार आहे. सासरे अंडे खात नाहीत, त्यामुळे डब्यावर 'फ्रेंच' असे लिहिलेले व्हॅनिला मी टाळते, कारण येथील नियमानुसार त्यात अंड्याचा बलक असतोच. अंड्याविना केलेल्या प्रकाराला फिलाडेल्फिया पद्धतीचे म्हणतात आणि ते सहज मिळते. केळ्यांची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली आहे. त्यांचे माहेर रावेरचे, त्यामुळे आमच्या घरात केळ्याविषयी दुसऱ्या कोणी मत देण्याची पद्धत नाही.

आता अडचणी सांगते.

चॉकलेट सॉससाठी १ कप साखर, अर्धा कप कोको, १ कप हेवी क्रीम, ५० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम गडद चॉकलेट घेतले. लोणी व चॉकलेट सोडून बाकी सर्व एकत्र उकळले आणि आईने शिकवल्याप्रमाणे दोन बोटांत धरून तार पाहिली. एकतारी पाक झाल्यावर आच बंद केली, मग लोणी आणि चॉकलेट घातले. पातेल्यात सॉस अगदी हवा तसा, चकचकीत आणि ओघळता दिसत होता. आईस्क्रीमवर ओतल्यावर मात्र मिनिटभरात त्याची इतकी चिवट टॉफी झाली की सासऱ्यांनी त्यांची कवळी आधी बाजूला काढून ठेवली आणि मगच चमचा हातात घेतला. उरलेला सॉस दुसऱ्या दिवशी पाहिला तर त्यात साखर धरली होती. खाताना जिभेला रवा लागत होता.

स्ट्रॉबेरीचे तुकडे साखरेत घालून मंद आचेवर सुमारे २५ मिनिटे आटवले. चव उत्तम होती, पण तो सॉस नव्हता, साखरांबा होता. आईस्क्रीमवर पसरण्याऐवजी त्याचा एकसंध गोळा तसाच बसून राहिला.

अननसाच्या बाबतीत मी उलटी चूक केली. ताजेपणा टिकावा म्हणून तो मुळीच शिजवला नाही. बारीक चिरून साखरेत दोन तास मुरत ठेवला. त्या दिवशी तो पातळ असला तरी चवीला चांगला लागला. उरलेली केळी, विरघळलेले आईस्क्रीम आणि हा अननस असे सगळे सासूबाईंनी रात्री एका भांड्यात एकत्र केले ('अखेर ही शिकरणच आहे ना!') आणि फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी ते मिश्रण कडू लागत होते. दूध नासले नव्हते, फळही खराब झालेले नव्हते. मग हा कडूपणा कशाचा?

माझे प्रश्न असे आहेत. सॉस गरम असतानाच तो थंडगार आईस्क्रीमवर कसा वागेल, हे कसे ओळखावे? चॉकलेट सॉसमध्ये साखर धरू नये म्हणून काय करावे? अननस शिजवला तर त्याचा ताजेपणा कितपत जातो? आणि १४ बशा एकाच वेळी कशा भराव्यात? माझ्याकडे पाकाचा थर्मामीटर नाही, आणि शक्य असेल तर तो घ्यायचाही नाही.

प्रतिसाद १

तुमची मूळ चूक एकच आहे आणि ती आपल्या पाककलेच्या शिस्तीतूनच आलेली आहे. आपण तार पाहतो ती लाडू वळण्यासाठी किंवा वड्या थापण्यासाठी, म्हणजे जो पदार्थ गार झाल्यावर आवळून यावा अशी आपली इच्छा असते त्यासाठी. तुम्हाला नेमके उलटे हवे आहे. साखरेचा पाक जसजसा थंड होतो तसतसा घट्ट होतो. शिवाय चॉकलेटमधील कोकोबटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे आईस्क्रीमला टेकताच ते गोठणार, आणि लोणीही त्याच वाटेने जाणार. म्हणून पातेल्यात 'हवा तसा' दिसणारा सॉस आईस्क्रीमसाठी नेहमीच प्रमाणाबाहेर आटलेला असतो. तार पाहणे सोडा. एक छोटी बशी फ्रीझरमध्ये ठेवा, सॉसचा थेंब तीवर टाका, अर्धा मिनिट थांबा आणि बशी तिरकी करा. थेंब आळसावून का होईना ओघळला पाहिजे. जागचा हलला नाही, तर त्यात दोन-तीन चमचे क्रीम घालून पुन्हा पाहा.

साखर धरण्याविषयी. नारळाची वडी करताना आपण पाक घोटतो तो त्यात रवा धरावा म्हणूनच. सॉस आचेवर असताना तुम्ही तो सतत ढवळत असणार आणि पातेल्याच्या कडेला सुकलेले साखरेचे कण पुन्हा आत पडत असणार. प्रत्येक कण पुढच्या कणांना जमा करतो. साखर विरघळेपर्यंत हवे तेवढे ढवळा, उकळी आल्यावर मात्र हात आवरा, आणि कडा ओल्या ब्रशने पुसून घ्या. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कपभर साखरेतील पाव कप कमी करून तेवढेच लाइट कॉर्न सिरप (मक्याच्या स्टार्चपासून केलेला फिकट, घट्ट पाक) घालणे. त्यातील ग्लुकोज साखरेच्या कणांना एकमेकांशी जुळू देत नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो त्यामागचा हेतूही हाच, पण क्रीम असलेल्या सॉसमध्ये लिंबू नको. उकळी आल्यानंतर मंद आचेवर तीन-चार मिनिटे पुरेत.

स्ट्रॉबेरीचे उत्तर सोपे आहे: तुम्ही जॅम केलात. फळ आणि साखर १०४-१०५ अंशांपर्यंत आटले की जॅमच होणार. अर्धा किलो फळाला १०० ग्रॅम साखर घाला, अर्धा तास रस सुटू द्या, त्यातली निम्मी फळे पाच-सहा मिनिटे शिजवा, आच बंद करून उरलेली निम्मी कच्चीच मिसळा आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस घाला. गरम असताना हा सॉस पाणीदार वाटेल. तरीही आटवू नका.

अननसातील कडूपणा ब्रोमेलेन या विकरामुळे येतो. ते दुधातील प्रथिने तोडते, आणि तुटलेले काही तुकडे चवीला कडू असतात. बशी भरून लगेच खाल्ली तर हे जाणवत नाही. रात्रभर ठेवले की जाणवते. चांगली उकळी आणून पाच मिनिटे शिजवले की ब्रोमेलेन निकामी होते. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्याने त्याने हा त्रास होत नाही. ताजेपणा थोडा जातो हे खरे, पण अर्धा किलोला ८० ग्रॅम साखर आणि एक चमचा कॉर्नस्टार्च (आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो तेच) थंड पाण्यात कालवून घातले, तर आटवत बसावे लागत नाही आणि फळाची चव बरीच टिकते.

प्रतिसाद २

१४ माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला करता? दुकानातून तीन बाटल्या आणाव्यात, पाहुण्यांना फरक कळणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते मान्य नसेल तर निदान एवढे करा: आईस्क्रीमचे ४२ गोळे सकाळीच काढून कागद घातलेल्या ताटांत फ्रीझरमध्ये ठेवा आणि बशाही त्यातच ठेवा. ऐनवेळी दगड झालेल्या आईस्क्रीमशी झुंजण्यातच सगळा वेळ जातो आणि पहिली बशी वितळल्यावर चौदावी भरली जाते. केळी मात्र अगदी शेवटी चिरावीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाटल्यांचा सल्ला सद्भावनेने दिला आहे हे कळते, परंतु आता माघार घेतली तर सासूबाई ते जन्मभर ऐकवतील. गोळे आधी काढून ठेवण्याची कल्पना मात्र उचलते आहे. एक शंका राहिली. चॉकलेट सॉस शुक्रवारी करून ठेवला, तर शनिवारी तो थेट आचेवर गरम करावा काय? आणि चिरलेली केळी काळी पडू नयेत म्हणून लिंबू लावले तर चव बिघडेल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

थेट आचेवर नको. तळाशी करपतो आणि तेल सुटते. बरणी गरम पाण्यात ठेवून ढवळा आणि बोटाला कोमट लागेल इतपतच तापवा. त्याहून गरम ओतला तर खालचे आईस्क्रीम वितळते आणि सॉस त्यावर न थांबता बशीच्या तळाशी जातो. केळ्यांना लिंबाऐवजी अननस शिजवण्यापूर्वी निघालेल्या रसाचा हात फिरवा. आंबटपणाचे काम होते आणि चवही परकी वाटत नाही.

धागाकर्ती

शनिवार पार पडला, म्हणून कळवते. चॉकलेट सॉस बशीवर तीन वेळा तपासला. पहिल्या दोन्ही वेळा थेंब जागचा हलला नाही आणि प्रत्येक वेळी क्रीम वाढवावी लागली. पातेल्यात तो मला शेवटपर्यंत फार पातळ वाटत होता आणि आणखी थोडा आटवावा असा मोह होत होता, पण हात आवरला. आईस्क्रीमवर तो जाडसर पट्ट्यांत थांबला, चमच्याने सहज तुटला आणि दुसऱ्या दिवशीही त्यात रवा नव्हता. स्ट्रॉबेरीचा सॉस सर्वांत आधी संपला. त्या मानाने फेटलेली क्रीम कमी जमली. स्वयंपाकघरातील उकाड्यात ती सैल पडली, आणि शेवटच्या चार बशांवर चेरी बुडाली.

केळी सासूबाईंनी बुधवारीच आणली होती. देठाशी हिरवट असलेली त्यांनी निवडली आणि टोपलीतून रोज उलटीसुलटी करत शनिवारपर्यंत सारखी पिवळी केली. ठिपके पडलेले केळे शिकरणाचे, या पदार्थाचे नव्हे, असा त्यांचा निर्णय होता आणि तो बरोबर ठरला. फाका गोळ्यांच्या वजनाखाली मोडल्या नाहीत.

अननसाचा सॉस वाटीभर उरला आहे. या वेळी तो शिजवलेला आहे, हे त्यांना दोनदा सांगितले, तेव्हा कुठे उद्याच्या शिकरणात तो घालण्यास त्या राजी झाल्या.