अनुभव धागा: शाळा-कॉलेजात केलेली ती पहिली शॉर्टफिल्म

माळ्यावरची पिशवी
लेकीला शाळेतून प्रोजेक्ट आलाय, चौघींनी मिळून पाच मिनिटांची फिल्म, विषय 'आमच्या गल्लीतलं पाणी'. काल तिने फोन उशीला टेकवला आणि कागदावर एक ओळही न लिहिता थेट "ॲक्शन!" म्हणाली. मी तशीच उठले आणि माळ्यावरची पिशवी काढली. तीन मिनीडीव्ही कॅसेटी, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या, निघाल्या. एकीवर बॉलपेनने लिहिलंय, "टपरी, टेप २, हात लावू नये."

२००७ साल, पुणे, एम.ए.चं दुसरं वर्ष. चहाच्या टपरीवरची आठ मिनिटांची फिल्म. कॅमेरा दोनच दिवस मिळणार होता, म्हणून फुलस्केप वहीत शॉट डिव्हिजन, म्हणजे कुठला शॉट कसा घ्यायचा याची यादी, केलं होतं. ४१ शॉट लिहिले, पहिल्या दिवशी झाले ११. रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, सकाळी गेल्यामुळे ऊन कुठून कुठे जातं ते कळलंच नव्हतं, दुपारी दोनला टपरीवाल्या काकांचा निम्मा चेहरा काळा.

पण खरी गोष्ट स्टोव्हची. रॉकेलचा स्टोव्ह भर्रर्र करायचा आणि संवाद ऐकू यायचे नाहीत. काका प्रत्येक टेकला स्टोव्ह बंद करायचे. गिऱ्हाईक उभं, चहा अर्धा उकळलेला, आणि काका कंबरेवर हात ठेवून आमच्या "कट"ची वाट बघतायत. एकदाही कुरकुर केली नाही त्यांनी.

मूल्यमापनाला सरांनी फिल्म आधी आवाज बंद करून लावली. मग टीव्हीवर टॉवेल टाकला आणि नुसती ऐकली. संपल्यावर एवढंच विचारलं, "टपरी आहे ना? मग स्टोव्ह कुठाय?"

आम्ही गप्प. शूटिंग संपल्यावर दोन मिनिटं नुसता स्टोव्ह रेकॉर्ड करून एडिटला संवादाखाली हळू सोडला असता तर टपरी जिवंत झाली असती. काकांनी दोन दिवस सोसलं आणि आम्ही त्यांचा स्टोव्हच फिल्ममधून काढून टाकला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमचंही लिहा.

पंचगंगेकाठी
मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावचे, कोल्हापूरचे आम्ही, त्यामुळं हुरूप दांडगा! आजोबा जेवताहेत असा सीन होता. तांबड्या रश्श्याची वाटी एका शॉटला भरलेली, पुढच्याला रिकामी, परत भरलेली. आजोबांचं काम करणारे शेजारचे काका नऊ टेकला नऊ वेळा खरंच जेवले ओ. रात्री त्यांच्या घरात जेवणच केलं नाही कुणी.

निवांत दुपार
कुकर लावलाय, पटकन लिहिते. ताई, लेकीला सांग ट्यूबलाइटखाली शूट करताना पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आपल्याला न दिसता लुकलुकते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० सेकंद ठेवायचं, पट्टे जातात. आमचा आख्खा एक दिवस यात गेला होता. शिट्टी झाली, आले.

खडू-फळा
मी गुण देणाऱ्यांच्या बाजूची. चांगल्या कॅमेऱ्याला गुण द्यायचे नाहीत हे पहिल्या वर्षीच ठरवलं, कारण तो ज्याच्या बापाला परवडतो त्याच्याकडे असतो. मी आधी वही बघते: काय ठरवलं होतं, काय जमलं नाही, ऐनवेळी काय बदललं. मग गटातल्या प्रत्येकाला एकेकटं बोलावून विचारते, "कुठला शॉट काढून टाकलात आणि का?"

एका गटात चौघांना सांगता येईना. पाचवी मुलगी दहा मिनिटं बोलत होती. एडिटिंग एकटीने केलेलं, आणि श्रेयनामावलीत नाव सगळ्यात शेवटी, 'विशेष आभार' मध्ये! नावं दुरुस्त करून फिल्म परत आणा म्हटलं, तेव्हाच गुण दिले.

पाचवी मुलगी म्हणजे मीच
@खडू-फळा मी तुमच्या वर्गातली नाही, पण माझ्या बाबतीत हेच झालं आणि कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. बरं वाटलं वाचून.

संत्रा बर्फी
आमच्यावाल्या फिल्मचं शूटिंग मे महिन्यात, नागपुरात, भर बारा वाजता. मोबाइल तापून तापून बंदच पडे. एक जण छत्री धरून फक्त मोबाइलवर सावली करे, हिरोईन उन्हात उभी! तिची आई आली ना बे, अन् सगळ्यांले घरात नेऊन पन्हं पाजलं. शूटिंग मंग संध्याकाळीच केलं.

वाचनमात्र होतो
फाळक्यांनीही 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी छोटी फिल्मच केली होती. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. प्लॅनिंग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. रोप काही रीटेक देत नाही.

कापूस-तूर
आमची फिल्म शेतावर होती. हिरो बांधावर रडतोय, आणि मागून विहिरीवरून बाबांची हाक, "झालं का रे? मोटार चालू करू का? सातला लाईट जाती." चार टेक वाया गेले. चिडलो होतो तेव्हा. तिसरा टेक डिलीट करायचा राहून गेला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज आता तेवढाच आहे माझ्याकडं, अकरा सेकंद.

निवांत दुपार
@कापूस-तूर दादा, त्या फाइलची कॉपी दोन-तीन ठिकाणी ठेवा. आजच.

कापूस-तूर
हो ताई. ठेवली. बहिणीलाबी पाठवली.

रीळ सांभाळा
@माळ्यावरची पिशवी, कॅसेट थेट लावू नका. आधी बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का बघा. नसतील तर एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणा, मग प्ले. जुना कॅमकॉर्डर आणि फायरवायर (तो कॉम्प्युटरला जोडायची वायर) लागेल. एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो, घाई चालत नाही.

माळ्यावरची पिशवी
@रीळ सांभाळा, ठिपके नाहीत! कॅमेरा नणंदेकडे आहे. पण लॅपटॉपला तसलं भोकच नाही.

@सगळे, लेक आत्ता बादलीत पडणाऱ्या नळाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करतेय. मला स्वयंपाकघरात भांडं वाजवायची बंदी आहे. वहीत १४ शॉट लिहून झालेत.

रीळ सांभाळा
भोक नसलं तरी जमेल. पुण्यात असाल तर माझा जुना डेस्कटॉप आहे, त्यात कार्ड बसवलेलं आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. रविवारी या, तीन टेपा म्हणजे तीन तास, जेवूनच जा.